बीजगणित सर्वांसाठी

'दादा, एक्स म्हणजे नेमका किती?' मनीषनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या सातवीतील मुलीने हा प्रश्न विचारला आणि कलाशाखेचा मी विद्यार्थी निरुत्तर झालो. आपल्यापैकी अनेकांनी याच प्रश्नापाशी गणिताला रामराम ठोकला असेल.

वस्तुतः उत्तर जुनेच आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास 'बीजगणित' रचले. त्यात पहिल्या अव्यक्त राशीला 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढे असेल तेवढे', असे नाव आहे. पुढील राशींना कालक, नीलक, पीतक ही रंगांची नावे. तिचा एक्स किंवा आपल्या वडिलांच्या पिढीचा 'क्ष' म्हणजे अद्याप न कळलेल्या संख्येचे नाव होय. अर्थात त्या काळी ही विद्या मोजक्यांपुरतीच होती.

आज शिक्षण हक्क कायद्याने (२००९) ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क दिला आहे आणि समीकरण सहावीतच भेटते. परंतु विषय वेळापत्रकात आला म्हणजे तो सर्वांचा झाला, असे नव्हे. मध्यंतरी आपल्या राज्यात नववी-दहावीला 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होता. तो घेणाऱ्यास पुढे विज्ञानशाखेची वाट बहुधा बंद होई. पुढे तो पर्यायही रद्द झाला. वाट सोपी करून दार लावणे किंवा दार उघडून पायऱ्याच न बांधणे, दोन्ही अपुरेच.

पायऱ्या कशा बांधाव्यात? अमेरिकेतील रॉबर्ट मोझेस यांनी १९६० च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीसाठी लढा दिला. १९८२ मध्ये मुलीच्या शाळेत शिकवताना त्यांना जाणवले, की बीजगणित हाही नागरी हक्कच आहे. ते मुलांना आगगाडीच्या प्रवासास नेत. मुले प्रथम चित्र काढीत, मग आपल्या भाषेत बोलत, चिन्हे शेवटी येत.

आपल्याकडे २०१९ पासून मेट्रो आहेच. जयप्रकाशनगर स्थानक शून्य माना. सीताबर्डीच्या दिशेने छत्रपती चौक +१, अजनी चौक +२; खापरीच्या दिशेने उज्ज्वलनगर −१, विमानतळ −२. विमानतळावरून अजनी चौकास जाण्यास किती स्थानके पुढे जावे लागेल?

−२ + क्ष = २, म्हणून क्ष = ४.

परतीच्या प्रवासात हाच क्ष −४ होतो. अंतर तेच, दिशा उलटी.

शेजारच्या मुलीने हे बोटांवर मोजले, मग लिहिले आणि म्हणाली, 'म्हणजे दादा, आधी क्ष ठाऊक नसला तरी चालतो!' मित्रहो, बुद्धीची उणीव तिच्यात नव्हती, आपल्यातही नसावी. आपणांपैकी जे उद्या शिक्षक होतील, त्यांनी चिन्हाआधी शब्द द्यावा, एवढेच मागणे.