येहूचे हाकणे आणि पडद्यावरचा वेग

शास्त्रपाठ : २ राजे ९:१६-२०

करोंदच्या मंडीजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला आम्ही रविवारी दुपारी भेटावयास गेलो होतो. घरातला पंधरा वर्षांचा मुलगा मोबाईलवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होता. पडद्यावर वळण आले की त्याचे सारे अंग त्या बाजूला कलत असे. गंमत अशी की मागे उभे राहून पाहता पाहता आमचाही उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबू लागला! चहा देताना आई कौतुकाने म्हणाली, "खेळून खेळून हात इतका बसलाय की शिकवणीला स्कूटर घेऊन एकटाच जातो." तो चहा आम्हांला गोड लागला नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा विषय घेताना मुलांचा आनंद खोटा ठरवू नये. छाती खरीच धडधडते. मात्र हा थरार कसा उत्पन्न होतो ते समजावून द्यावे. स्टेशनात आपली गाडी उभी असते, शेजारच्या रुळावरची सुटते आणि क्षणभर वाटते की आपणच निघालो. डोळा फसतो. खेळ तयार करणारे हेच साधतात. नजर रस्त्याच्या अगदी जवळ ठेवतात, कडेची झाडे, खांब झपाट्याने मागे नेतात आणि त्यात इंजिनाचा चढता आवाज मिसळतात. अंग मात्र जागचे हलत नाही. खऱ्या वाहनात वळणावर अंग बाहेर ओढले जाते, ब्रेक लागताच पुढे ढकलले जाते. हा इशारा मोबाईल देत नाही.

मग आदळण्याचे काय? १९८२ साली जपानच्या नाम्को कंपनीचा 'पोल पोझिशन' हा खेळ आला. त्यात मोटार फलकावर आदळून फुटे आणि काही क्षणांत पुन्हा रस्त्यावर हजर! १९९१ साली आलेल्या 'रोड रॅश'मध्ये मोटारसायकलवरून फेकला गेलेला गडी उठून धावत आपल्या गाडीकडे जाई. आज बाप झालेल्या कित्येकांनी तो कॉम्प्युटरवर खेळलेला आहे. चित्रे पुढे फार सुधारली, पण पडून लगेच उठण्याची सोय बहुतेक खेळांत कायम आहे.

फळ्यावर एक हिशेब मांडावा. ताशी ६० किलोमीटर वेगाची स्कूटर एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. गाय आडवी आली हे दिसून ब्रेक दाबेपर्यंत जवळजवळ एवढे अंतर सरून जाते. वेग दुप्पट झाला तर धडकेतील शक्ती चौपट होते. मंदिराच्या आवारात मुलांना १७ मीटर टेपाने मोजायला लावावे. आकड्यापेक्षा ते अंतर अधिक बोलते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. दोघेही मध्य प्रदेशचे. मोटार १७ वर्षांचा मुलगा हाकत होता, असे पोलिसांचे म्हणणे. याचा दोष आम्ही खेळाला देत नाही. आमचा प्रश्न किल्लीचा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहनावर गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पालकसभेत हे स्पष्ट सांगावे.

आता शास्त्रपाठाकडे वळू. इज्रेलच्या बुरुजावरील पहारेकऱ्याला येहूचा चेहरा दिसत नाही, पण रथ हाकण्याच्या तऱ्हेवरून तो त्याला ओळखतो. वर्गात विचारावे : आपल्या आळीतले लोक आपल्याला गाडीच्या कशावरून ओळखतात? उत्तरे मुलेच देतील, आणि बहुधा एकमेकांची नावे घेऊन!

त्या घरी आम्ही किल्लीचा विषय वडिलांकडे काढला. ते म्हणाले, "रोज सोडायला-आणायला वेळ कोणाला आहे?" अडचण खरी होती. शेवटी त्याच शिकवणीला जाणाऱ्या तीन मुलांच्या घरांनी आळीपाळीने दिवस वाटून घ्यावे असे ठरले. सोमवार कोणीच घेईना, तो आम्ही घेतला.