हिवाळ्यात डिझेल पिकअपची निगा



भातकापणी उरकली की शहापूर-मुरबाड भागात ज्यांच्याकडे विहिरीचे, बंधाऱ्याचे किंवा नदीचे पाणी आहे, ते भेंडी, काकडी, कारली यांसारखी पिके घेतात. उंबरमाळीसारख्या कसारा घाटाच्या पायथ्याच्या गावातून हा माल एका बाजूला कल्याण-वाशीला आणि दुसऱ्या बाजूला घाट चढून नाशिककडे जातो. सकाळचा बाजार गाठायचा तर गाडी भल्या पहाटे हलली पाहिजे, आणि थंडीत डिझेल गाडी अडून बसते ती नेमकी याच वेळी. तोडलेली भेंडी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ताजी राहत नाही. म्हणून गाडीच्या निगेकडे पिकाच्या निगेइतकेच लक्ष द्यावे.

थंडीत गाडी का अडते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबामुळे हवा तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. थंडीत ही उष्णता गार लोखंडच शोषून घेते. ऑइल घट्ट झाल्याने इंजिन जड फिरते आणि बॅटरीची ताकदही त्याच वेळी घटते. शिवाय डिझेलमध्ये मूळचे मेण असते. थंडी वाढली की त्याचे कण तयार होऊन फिल्टर तुंबतो.

आपल्या भागात डिझेल गोठण्याइतकी थंडी सहसा पडत नाही. मात्र निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. भारतीय मानकाप्रमाणे डिझेल ओतता येण्याची किमान तापमान मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी १५ अंश, तर हिवाळी डिझेलसाठी ३ अंश सेल्सिअस आहे. लडाखसारख्या प्रदेशासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले. आपल्याला त्याची गरज नाही. पण टाकीत किंवा कॅनमध्ये उन्हाळ्यापासून पडून असलेले डिझेल दिवाळीपूर्वीच वापरून संपवावे व नंतर नवीन भरावे.

हंगामापूर्वीची कामे

१. बॅटरी : टर्मिनलवरील पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी, कोरडी करून व्हॅसलिन लावावे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असावा. तो १२.२ च्या आसपास असल्यास बॅटरी निम्मी उतरली असे समजून चार्ज करून घ्यावी.

२. डिझेल फिल्टर : फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढावे. टाकी रिकामी ठेवल्यास आतल्या हवेतील बाष्पाचे रात्री पाणी होते. म्हणून संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी.

३. ऑइल : गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच वापरावे. '१५ डब्ल्यू ४०' मधील पहिला आकडा थंडीतील पातळपणा दाखवतो. तो जितका लहान, तितके ऑइल थंडीत लवकर फिरते.

४. कूलंट : रेडिएटरमध्ये नुसते विहिरीचे पाणी घालू नये, आत क्षार व गंज धरतो. कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट घालावे. घाटात इंजिन तापू नये म्हणूनही ते आवश्यक आहे.

५. टायर : हवा पहाटे, टायर गार असताना तपासावी. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पौंडाने कमी होतो.

पहाटे गाडी सुरू करताना

ग्लो प्लग म्हणजे हीटर असलेल्या गाडीत चावी फिरवून कॉइलचे चिन्ह विझेपर्यंत थांबावे, क्लच दाबावा, मग स्टार्टर मारावा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा मिनिट बॅटरीला विसावा द्यावा. सुरू झाल्यावर लगेच रेस करू नये. अर्धा-एक मिनिट थांबून पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावे.

हे मात्र कधीही करू नये

टाकीखाली किंवा इंजिनाखाली जाळ करू नये. बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांचे पंप व इंजेक्टर फार नाजूक आहेत. रॉकेलने ते झिजतात व दुरुस्तीत हंगामाची कमाई जाते.

कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. मालाच्या हौद्यात मजूर बसवू नयेत. अपघात झाल्यास जीव तर जातोच, विम्याची भरपाईही अडते.

गाडी आपली की भाड्याची?

कर्जाचा हप्ता, विमा, पासिंग व घसारा हा खर्च गाडी दारात उभी असली तरी चुकत नाही. समजा, तो वर्षाला १,८०,००० रुपये आहे. वर्षात ९० फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीवर २,००० रुपये पडतात; १८० झाल्या तर १,०००. डिझेल, टायर व दुरुस्ती वेगळी. हा आकडा गावातील भाड्याच्या दराशी ताडून पाहावा. एक-दोन एकर भाजी असणाऱ्याला एकट्याने गाडी सहसा परवडत नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी तोडणीचे दिवस ठरवून एकच गाडी पूर्ण भरून पाठवली तर हिशेब जुळतो.

गाडीत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, डिझेल, ऑइल व फिल्टर बदलल्याची नोंद प्रत्येक वेळी करावी. डिझेल अचानक जास्त लागू लागले तर बिघाड वहीत आधी दिसतो, रस्त्यावर नंतर. दिवाळीनंतर एक दिवस गाडीसाठी काढा, म्हणजे भाजीच्या तोडणीचा एकही दिवस वाया जाणार नाही.