कीड की रोग? दिंडोशीकरांनो, फवारणीआधी पान उलटून पाहा

मुंबईतून पाऊस साधारण 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. त्याच्या मागचा-पुढचा पंधरवडा हा झाडे तपासण्याचा काळ. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घेतलेली झाडे आता उन्हात उघडी पडतात आणि पावसात दडलेले सगळे दिसू लागते. दिंडोशीला एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला आरे. सोसायट्यांच्या आवारात आंबा, नारळ, फणस, सप्तपर्णी, गुलमोहर, तर आरेच्या पाड्यांवर आदिवासी कुटुंबांची परसबाग आणि भाजीपाला. नेमके याच दिवसांत दुकानात जाऊन "झाडावर काळं आलंय, काहीतरी द्या" असे सांगितले जाते, आणि दुकानदार एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक हातात ठेवतो. दोन्ही एकाच पंपात.

या सवयीला माझा ठाम विरोध आहे. बुरशीनाशकाने तुडतुडा मरत नाही आणि कीटकनाशकाने करपा थांबत नाही. मरतात ते ढालकिडे आणि मधमाश्या. शिवाय आपल्याकडे झाडापासून हाताच्या अंतरावर कोणाच्या तरी घराची खिडकी असते.

त्या काळ्यापासूनच सुरुवात करू. आंब्याच्या किंवा नारळाच्या पानावर काजळीसारखा थर दिसला तर ओला अंगठा त्यावर घासा. थर निघाला आणि खाली पान हिरवेगार असले, तर ती काजळी. ही बुरशीच आहे, पण ती पानात शिरत नाही, पानावर सांडलेल्या गोड चिकट्यावर वाढते. चिकटा टाकणारा किडा वरच्या पानांच्या खालच्या बाजूला बसलेला असतो. आंब्यावर तो तुडतुडा किंवा पिठ्या ढेकूण असेल. नारळावर 2016 साली तमिळनाडूत पहिल्यांदा आढळलेली आणि नंतर कोकणात उतरलेली रुगोज चक्राकार पांढरी माशी असेल. तिची खूण म्हणजे झावळीच्या खालच्या बाजूला मेणाची पांढरी वर्तुळे. खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल, झाडाखाली उभ्या गाड्यांच्या काचांवर चिकट ठिपके पडत असतील, तर दुखणे किडीचे आहे हे जवळपास नक्की. अशा वेळी बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसे पाण्यात. नारळाच्या पांढऱ्या माशीवर तर जहाल कीटकनाशकेही मारू नयेत, कारण तिला संपवणारी एनकार्सिया ही इवलीशी गांधीलमाशी त्यांनीच मरते. पाइपने जोरात पाणी मारा आणि लिटरला 5 मिली निंबोळी तेल थोड्या साबणासह फवारा.

पांढऱ्या थराचीही अशीच गफलत होते. भुरी रोगाची पांढरी पूड बोटाने पुसली की नुसती पूड हाताला लागते. ती आंब्याच्या मोहरावर डिसेंबर-जानेवारीच्या थंड, दवाच्या रात्रींत येते आणि पाण्यात विरघळणारे 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, तिच्यावर चालते. पण पांढरा कापसासारखा पुंजका चिरडताच ओलसर रस निघाला तर तो पिठ्या ढेकूण. याच किडीने गेल्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवरचे कितीतरी जुने वर्षावृक्ष शोषून वाळवले. फांद्या वाळताना दिसल्या तेव्हा पुष्कळांना वाटले की झाडाचे वय झाले किंवा मुळांना रोग लागला. फांद्यांवरचा मेणकट थर कोणी जवळून पाहिला नव्हता. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतल्यामुळे ही झाडे आधीच तहानलेली होती, आणि रस शोषणारी कीड तहानलेल्या झाडावर फार वेगाने वाढते. उन्हाळा लागला की तिचा जोर चढतो, म्हणून वर्षावृक्षाच्या फांद्या आत्ताच न्याहाळून ठेवा.

सर्वसाधारण खूण लक्षात ठेवायची ती अशी: कीड आपला पुरावा मागे टाकते. भुसा, लेंड्या, जाळी, मेण, चिकटा, अंडी यांतले काहीतरी सापडतेच. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक पांढरा कागद जवळ ठेवा. फांदी कागदावर झटकली की फुलकिडे चालताना दिसतात. रोग पानाच्या आतून पसरतो. त्याच्या डागाला कडा असते, कधी भोवती पिवळे वलय असते, आणि तो बहुधा दाट, ओलसर, सावलीतल्या पानांवर आधी दिसतो.

तरी फसायला होते. आंब्याच्या कोवळ्या पानावर करप्याचा डाग वाळून गळून पडतो आणि तिथे भोक उरते. पाहणाऱ्याला वाटते अळीने खाल्ले. भोकाची कड पाहा. तपकिरी, मेलेली असेल तर करपा. हिरवी, ताजी कुरतडलेली असेल तर अळी किंवा भुंगा. पावसाळ्यात झाडाखाली कोवळ्या पानांचे अर्धे तुकडे कात्रीने कापल्यासारखे पडलेले असतील, तर ते पाने कातरणाऱ्या सोंड्याचे काम. त्या तुकड्यांतच त्याची अंडी असतात, म्हणून ते गोळा करून नष्ट करा. सप्तपर्णीच्या पानांवरच्या गाठी पाहून लोक "झाडाला देवी आल्या" म्हणतात. गाठ ब्लेडने कापा. आत किड्याचे पिल्लू सापडेल. पान कुरूप होते, झाड मरत नाही, त्यामुळे फवारणीची गरज नाही. आंब्याच्या पानावरचे नारिंगी, मखमली ठिपके हे शेवाळाचे, त्यांना लाल तांबेरा म्हणतात आणि त्यावर तांब्याचे औषध लागू पडते. खोडावरचे दगडफूल मात्र निरुपद्रवी आहे, ते खरवडू नका.

नारळाचे दुखणे ओळखण्यात चूक झाली तर झाडच हातचे जाते, कारण त्याला कोंब एकच. उलगडलेल्या झावळीवर त्रिकोणी, पंख्यासारखे काप दिसले तर गेंड्या भुंगा. तारेच्या आकड्याने तो कोंबाजवळून ओढून काढा आणि वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत एक भाग निंबोळी पेंड व दोन भाग वाळू भरा. पण मधला कोंब पिवळा पडून ओढताच सहज हातात आला आणि त्याला सडका वास असला, तर ती कोंबकूज, म्हणजे बुरशी. सडका भाग स्वच्छ कापून तिथे बोर्डो मलम लावा आणि आजूबाजूच्या नारळांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. गेंड्या भुंग्याची अळी शेणखताच्या ढिगात वाढते. तबेल्यांतले शेण आणून झाडाखाली ढीग करून ठेवणाऱ्यांनी तो दर महिन्याला उलथावा, अळ्या वेचाव्यात आणि ढिगात मेटारायझियम ही उपयोगी बुरशी मिसळावी. एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या आवारातला ढीगही उलथायला हवा.

बोर्डो घरी करता येते. 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि ढवळत राहा. लोखंडी खिळा त्यात बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, निवळी थोडी वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. मलमासाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्याला एकूण एक लिटर पाणी घ्या.

आंब्याची एकच फांदी अचानक वाळली तर बुंध्याशी बसून पाहा. भोक आणि त्याखाली ताजा भुसा असेल तर भिरूड. तार घालून अळी काढा, रॉकेलचा बोळा कोंबा, चिखलाने भोक लिंपा. जुन्या पुस्तकांत यासाठी डायक्लोरव्हॉस सांगितलेले सापडेल, ते 2020 अखेरपासून देशात बंद आहे. भुसा नसेल, फांदी शेंड्याकडून खाली वाळत आली असेल, साल फाटून डिंक येत असेल, तर फांदीमर. जिवंत लाकडापर्यंत छाटून कापावर बोर्डो मलम लावा. मोठ्या फांद्यांसाठी मात्र आधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी काढा, 1975 च्या झाडे संरक्षण कायद्यानुसार ती लागतेच.

काही दुखणी कीडही नसतात आणि रोगही नसतात. सगळ्या पानांच्या कडा सारख्याच करपल्या, शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांनाही तेच झाले, तर पाणी, सिमेंट किंवा मुळाशी टाकलेला राडारोडा तपासा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले होते, तेवढी मोकळी माती आपल्या झाडालाही हवी. देशी बदामाची पाने लाल होऊन गळणे हा त्याचा नेम आहे.

आणि एका खुणेवर औषधच नाही. गुलमोहराच्या बुंध्याशी लाकडासारखी टणक, तपकिरी, अर्धगोल छत्री उगवली असेल तर आतले लाकूड कुजले आहे. ती छत्री तोडून फेकू नका, पाहणीसाठी तोच पुरावा. झाडाखाली गाड्या लावणे, मुलांचे खेळणे थांबवा आणि उद्यान विभागाला लेखी कळवा. झाड कलले असेल तर 1916 वर फोन करा.

निदान जमले नाही तर नमुना तज्ज्ञांना दाखवा. पूर्ण वाळलेले पान काही सांगत नाही. अर्धे चांगले, अर्धे बिघडलेले पान घ्या, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजून सडते. सोबत पानाची खालची बाजू, बुंधा आणि पूर्ण झाड असे तीन फोटो काढा. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. उत्तर मिळेपर्यंत पंप खाली ठेवा.