बंदिवानांची आठवण : वडिलांच्या अनुभवावरून एक पाठ

शास्त्रपाठ : इब्री लोकांस पत्र १३:१–३



या शास्त्रपाठात बंधुप्रीती, पाहुणचार आणि बंदिवानांची आठवण या तीन गोष्टी एकापाठोपाठ आल्या आहेत. त्यांचा एकमेकींशी काय संबंध, हे मला माझ्या वडिलांच्या बंदिवासावरून समजले.

१. कैद. वडील पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत कारकून होते. या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे. १९४२ साली ही पलटण उत्तर आफ्रिकेत तोब्रुकच्या रक्षणास होती. २० जूनला जर्मन रणगाडे तिच्या मोर्च्यावर चालून आले आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. आमच्या आजीला ‘बेपत्ता’ एवढीच तार आली. मुलगा जिवंत आहे हे तिला कित्येक महिन्यांनी रेडक्रॉसच्या कार्डावरून कळले.

२. छावणी. कैद्यांना समुद्रापार इटलीत नेले. वडील म्हणत, “भूक आणि थंडी सोसता येते, पण सुटका कधी हे ठाऊक नसले की माणूस आतून खचतो.” पुढे आयुष्यभर त्यांनी ताटात एक कणही टाकला नाही.

३. पाहुणचार. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली. तेव्हा हजारो कैदी छावण्यांतून बाहेर पडले. त्यांना आसरा देणाऱ्यास जर्मनांनी मृत्युदंडाची धमकी दिली होती. तरी आब्रुत्सोच्या डोंगरात एका शेतकरीण बाईने वडिलांना गोठ्यात लपवले आणि आपल्या वाट्याचा मक्याचा घाटा त्यांना दिला. तिचा मुलगा हिंदुस्थानात कैदेत होता. त्या काळी भोपाळजवळ बैरागढ, बंगळूर, डेहराडून व योल येथे हजारो इटालियन कैदी होते. माझ्या मुलालाही तेथे कोणी घास देईल, एवढीच तिची आशा. १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्तांचे सैन्य तेथवर पोहोचले आणि वडील सुटले.

बंदिवानाबरोबर आपणही बंदीत आहो असे समजून त्याची आठवण करणे म्हणजे काय, ते त्या बाईने करून दाखवले. वडिलांनी छावणीतले हाल कधी झाकले नाहीत. पण इटालियन माणसाविषयी कडू शब्दही घरात बोलू दिला नाही.

४. शिक्षकांसाठी. तो बंदिवास सोसलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. मुलांना आपण केवळ शौर्यकथा सांगितली तर युद्ध त्यांना खेळ वाटेल. केवळ हाल सांगितले तर मनात द्वेष रुजेल. म्हणून दोन्ही सांगा. घरातील जुनी पत्रे, कार्डे, पदके वर्गात आणवून त्यांची हकिकत लिहून ठेवा. ज्यांना बोलणे जड जाते त्यांना मात्र आग्रह करू नका.

वर्गात विचारण्याचे प्रश्न :

(१) त्या बाईने कोणता धोका पत्करला, आणि का?

(२) सोसलेला अन्याय न विसरता द्वेष कसा टाळावा?

(३) आपल्या गावात ज्याचा बाप किंवा मुलगा आज तुरुंगात आहे, त्या घरी मंडळीतील कोण जाते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या रविवारपर्यंत शोधून आणण्यास सांगावे.