प्रवासातील छायाचित्रे

प्रवासाहून परतलेल्या मनुष्याच्या घरी जावे, तो चहाबरोबर छायाचित्रेही पुढे येतात. पूर्वी ती अल्बममध्ये चिकटवलेली असत. आता ती भ्रमणध्वनीत असतात आणि शेकड्यांनी मोजावी लागतात. एकामागून एक पाहत गेले म्हणजे ध्यानात येते की, त्यांत यजमान सर्वत्र आहेत, स्थळ मात्र कोठेच धड दिसत नाही. पुलावर यजमान, कारंज्याजवळ यजमान, मनोऱ्यासमोर यजमान. आणि मनोऱ्याचा माथा बिचारा कापला गेलेला! आपण तेथे गेलो होतो, याचा पुरावा म्हणून हे ठीक आहे. परंतु ते स्थळ कसे होते, याचाही पुरावा कोणी तरी ठेवावयास हवा. माझ्या संग्रहातील दोन चित्रांच्या वाट्याला पुराव्याचा हा मान आला. तो न येता तर अधिक बरे झाले असते.

१९९६ साली उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही काही शिक्षक नेपाळला गेलो होतो. जवळ छत्तीस चित्रांचे एकच रीळ होते. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी दहादा विचार होई. त्यांतील चार चित्रे मी काठमांडूच्या काष्ठमंडपावर खर्च केली. ज्या वास्तूवरून नगरास नाव मिळाले, तीच ही वास्तू. एकावर एक अशी तीन उतरती छपरे, चारही बाजूंनी मोकळा तळमजला, मध्यभागी गोरखनाथांची मूर्ती. एकाच वृक्षाच्या लाकडातून हा मंडप उभारला, अशी तेथील आख्यायिका आहे. पण मला त्याचे आकर्षण वाटले ते निराळ्याच कारणाने. मुळात ही वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा; आणि शतके लोटली तरी तिने आपला धर्म सोडला नव्हता. माझ्या एका चित्रात, कपाळाला पट्टा लावून ओझे वाहणारा एक हमाल आपला भारा बाजूला ठेवून खांबाला टेकून झोपला आहे, आणि त्याच्या पायांशी कबुतरे दाणे टिपीत आहेत.

२५ एप्रिल २०१५ रोजी, मध्यान्हीच्या सुमारास, नेपाळात भीषण भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. काष्ठमंडपात त्या दिवशी रक्तदानाचे शिबिर भरले होते. मंडप जमीनदोस्त झाला आणि रक्त द्यावयास आलेल्यांपैकी काही जण त्याखाली गेले. पुढे संशोधकांनी पाया खणून पाहिला, तेव्हा तो सातव्या शतकातील, म्हणजे समजत होते त्याहून कितीतरी प्राचीन, असल्याचे आढळले. आणखीही एक गोष्ट उघडकीस आली. विसाव्या शतकातील दुरुस्तीच्या वेळी चार मुख्य खांबांपैकी एक त्याच्या मूळच्या दगडी बैठकीत बसविलाच गेला नव्हता! नगरवासीयांनी मंडप जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधला. २०२२ साली ते काम पूर्ण झाले.

दुसरे चित्र पॅरिसच्या नोत्र दाम या प्रार्थनामंदिराचे. २०१८ साली टिपलेल्या या चित्रात त्याचे निमुळते शिखर आकाशात चढलेले दिसते. १५ एप्रिल २०१९ रोजी लागलेल्या आगीत ते कोसळले. सुदैवाने अँड्र्यू टॅलन या अमेरिकन कलेतिहासकाराने काही वर्षांपूर्वीच लेसरच्या साहाय्याने त्या वास्तूचे अंतर्बाह्य मापन करून ठेवले होते. त्याचा जीर्णोद्धारास उपयोग झाला. तो पाहण्यास मात्र टॅलन हयात नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये मंदिराची दारे पुन्हा उघडली.

एक वास्तू चित्रांवरून सावरता येते हे कोणासही पटेल. पण सबंध नगर? ते पाहावयाचे असेल तर पोलंडची राजधानी वॉर्सा येथे गेले पाहिजे. माझे शिक्षण कोल्हापुरास झाले. शहराजवळच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले होते. त्या लोकांचा देश पाहण्याची इच्छा मनात तेव्हापासूनची. ती पुरी झाली २०२३ साली.

वॉर्साच्या जुन्या चौकात उभे राहिले म्हणजे भोवतालची रंगीत, उंच, अरुंद घरे तीन-चारशे वर्षांची वाटतात. वस्तुतः त्यांतील बहुतेक घरे माझ्याहून फार थोड्या वर्षांनी वडील आहेत! १९४४ साली नगरवासीयांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढल्यावर जर्मनांनी घरामागून घर सुरुंगाने उडविले, जाळले. जुन्या नगराचा पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. परंतु वास्तुविद्येच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मापे घेऊन रेखाचित्रे केली होती. युद्धकाळात ती गुप्तपणे पियोत्रकूव येथील मठात नेऊन तेथील शवपेट्यांत दडविण्यात आली. कागदाच्या त्या भेंडोळ्यांसाठी माणसांनी प्राण धोक्यात घातले.

त्यांच्या जोडीला होती अठराव्या शतकातील बेलोत्तो या इटालियन चित्रकाराची चित्रे. पोलंडच्या राजाच्या पदरी असताना त्याने वॉर्साचे रस्ते व वाडे बारकाईने रंगविले. त्यासाठी तो भिंग बसविलेली एक अंधारी पेटी वापरी; आपल्या कॅमेऱ्याची ती पूर्वजच म्हणावयाची. रेखाचित्रे, ही चित्रे आणि जुनी छायाचित्रे जुळवून पोलिश लोकांनी आपले जुने नगर पुन्हा उभारले. चित्रकार तो चित्रकारच. काही घरे त्याने आपल्या मनाजोगती नीटनेटकी केली होती आणि त्यांतील काही सुधारणा विटा-चुन्यात उतरल्या, असे म्हणतात. मला त्यात काही वावगे वाटले नाही. १९८० साली युनेस्कोने या नगराचा जागतिक वारशात समावेश केला, तो त्याच्या पुरातनत्वापेक्षा या पुनर्निर्माणासाठी.

बेलोत्तोची मूळ चित्रे आता तेथील राजवाड्यात आहेत. त्यांच्या प्रतिकृती राजवाड्याजवळच्या हमरस्त्यावर ठिकठिकाणी लावलेल्या आढळतात. मी गेलो तेव्हा अशाच एका प्रतिकृतीसमोर दप्तर पाठीला लावलेली एक शाळकरी मुलगी उभी होती. एकदा चित्राकडे आणि एकदा समोरच्या घराकडे पाहत ती बोटाने खिडक्या मोजीत होती.