पाणी तापविण्याची घरगुती साधने : बिघाड, निगा व दुरुस्ती
(इयत्ता सहावी ते आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पाठासाठी शिक्षकांकरिता टिपण)



थंडीचे दिवस आले की पाणी तापविण्याचा प्रश्न घरोघर उभा राहतो. एके काळी त्याची उत्तरे दोनच होती : परसातील चूल आणि तांब्याचा बंब. आज एकाच आळीत बंब, बादलीत सोडावयाचा विजेचा हीटर, विजेचा गिझर, गॅसचा गिझर आणि छपरावरचा सौरबंब अशी सर्व साधने आढळतात. विद्यार्थी ती रोज पाहतात व हाताळतात. परंतु त्यांच्या पोटात काय चालते हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. या पाठात एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसली पाहिजे. गरम पाणी मिळते एवढ्यावरून साधन धड आहे असे समजू नये. पाणी तापविणारा भाग वेगळा आणि माणसाला जपणारा भाग वेगळा असतो, आणि पुष्कळदा दुसरा आधी निकामी होतो.

पाठाचा आरंभ बंबापासून करावा. रिकामा बंब पेटवू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत. त्याचे कारण प्रयोगाने दाखविता येते. जाड कागदाचा द्रोण करून त्यात पाणी भरावे व तो मेणबत्तीवर धरावा. ज्योत पाण्याच्या पातळीच्या खालीच राहील अशी काळजी घ्यावी. पाणी तापते, पण कागद पेटत नाही. ज्योतीची उष्णता पाणी तत्काळ उचलून घेते, आणि ते उकळू लागले तरी त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच थांबते. भांड्याचे सांधे झाळण्यासाठी वापरतात ते कथील व शिशाचे मिश्रण सुमारे १८३ अंशांपासून वितळू लागते. म्हणजे आत पाणी आहे तोवर झाळ सुरक्षित आहे. पाणी संपले की सांधा उघडा पडतो आणि तांबटाची वाट धरावी लागते. रिकामा गिझर चालू केला तरी हेच होते, फक्त तेथे झाळ वितळण्याऐवजी तापणारी कांडी जळते.

आता पाण्याकडे वळू. आपल्याकडील अनेक विंधन विहिरींचे पाणी दुष्फेन, म्हणजे लोकांच्या भाषेत जड असते. पावसाचे साठविलेले पाणी व विंधन विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत घेऊन प्रत्येकीत साबणाचा सारखाच चुरा टाकावा व हलवावे. फेसातील फरक मागच्या बाकावरूनही दिसतो. अशा पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा बायकार्बोनेट तापला की त्याचे विघटन होते. कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, तळाशी व भिंतींना बसते. गिझरमधून निघणारी पांढरी खपली ती हीच. तिच्यावर लिंबाचा रस टाकला असता बुडबुडे येतात. खपली न मिळाल्यास अंड्याचे कवच घ्यावे. द्रव्य एकच आहे.

यावर गणिताच्या तासाला एक उदाहरण घालता येईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आय. एस. १०५००) पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट असून दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा, गावच्या पाण्याचा जडपणा ३०० आहे आणि एका घरात रोज ६० लिटर पाणी तापते. तर रोज १८ ग्रॅम, आणि वर्षाला साडेसहा किलोग्रॅमहून अधिक क्षार त्या साधनातून जातो. त्याचा दहावा हिस्सा आत बसला असे धरले, तरी साडेसहाशे ग्रॅम खपली झाली.

ही खपली बंबात व गिझरमध्ये सारखेच काम करीत नाही, आणि हा भेद नीट समजावून द्यावा. बंबात ती निखारा व पाणी यांच्या मध्ये येते; उष्णता धुराड्यातून वर जाते, जळण जास्त लागते, आणि घरातील बाई ते ओळखते. गिझरची कांडी मात्र पाण्यातच बुडालेली असते. तिची उष्णता उशिराने का होईना, पाण्यातच उतरते. त्यामुळे विजेच्या बिलात फारसा फरक दिसत नाही आणि पाणी पूर्वीसारखेच तापते. परंतु खपलीखाली कांडी स्वतः अधिकाधिक तापत जाते. या कांडीत मध्ये निक्रोमची तार, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पूड आणि बाहेर धातूचे नळकांडे असते. पूड उष्णता जाऊ देते, वीज अडविते. अतितापाने नळकांड्याला चीर गेली की पाणी पुडीत शिरते आणि वीज पाण्यात उतरते. गिझर अजून पाणी तापवीत असतो. घरातील कोणालाच काही कळलेले नसते.

या क्षणी माणसाला वाचविणारी वस्तू म्हणजे भूसंपर्काची तार, जिला सर्वजण अर्थिंग म्हणतात. प्लगची तिसरी पिन मुलांना दाखवावी. ती इतर दोहोंपेक्षा लांब व जाड असते, म्हणून प्लग घालताना आधी जुळते व काढताना शेवटी सुटते. वीज येण्यापूर्वी संरक्षण यावे अशी ती योजना आहे. दोन भोकांच्या सॉकेटात बसावा म्हणून ही पिन तोडलेले प्लग मी शाळाभेटींच्या निमित्ताने खेडोपाडी कितीतरी पाहिले आहेत. पिन तोडल्याने हीटर बंद पडत नाही, हेच त्यातले घातक. पाठाच्या वेळी फळ्यावर एवढा भागाकार करावा : १५०० वॅटच्या हीटरला २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून ६ अँपिअरचे साधे सॉकेट त्याला पुरे पडत नाही. गिझर २००० वॅटचा असल्यास जवळजवळ ९ अँपिअर होतात. अशा साधनांना १६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट, चांगले अर्थिंग, आणि शक्य तेथे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. असावा. बादलीतील हीटरचे बटन बंद करून प्लग उपसल्यावाचून पाण्यात बोट घालू नये; पाणी तापले का, हे हाताने पाहण्याची सवय मोडलीच पाहिजे.

गिझरची सुरक्षा-झडप हा असाच उपेक्षित भाग. पाणी तापताना तिच्यातून थेंब गळतात आणि लोकांना तो बिघाड वाटतो. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे दीड टक्का फुगते. १५ लिटरच्या टाकीत ही वाढ पाव लिटरच्या जवळपास होते. मागे जाण्याची वाट बंद असेल, तर ते पाणी झडपेतूनच बाहेर पडणार. तापताना थोडे गळणे हे झडप जिवंत असल्याचे लक्षण होय. सतत धार लागली तर मात्र दुरुस्ती हवी. एका घरी झडपेच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली पाहिली. तापमान आवरणारा थर्मोस्टॅट व त्याच्या मागचा कट-आउट दोन्ही अडकून बसले, तर अशा टाकीतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या पुढे जाते. मग टाकी फुटताच त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती खुंटी तेव्हाच काढावयास लावली, हे सांगणे नको.

काही गिझरच्या पोलादी टाकीला आतून काचेसारखा मुलामा असतो व तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. पोलाद गंजण्याऐवजी ही कांडी झिजते. हा विचार जुना आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे अथवा लोखंडाचे तुकडे जोडून तांबे वाचविले. तांबे वाचले खरे, पण जहाजाच्या बुडाला शंखशिंपले चिकटू लागले आणि वेग मंदावला! आपल्या गिझरला ती अडचण नाही. मात्र कांडी संपल्यावर टाकी गंजू लागते, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी कारागिराकडून टाकी उघडवून खपली व ही कांडी दोन्ही पाहून घ्यावी. खपली लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून सुटते. सुरीने खरवडू नये, आणि संडास धुण्याचे ॲसिड तर मुळीच वापरू नये. ते खपलीबरोबर धातूही खाते.

पाणी उशिरा तापते ही तक्रार नेहमी यंत्राची नसते. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.७ युनिट वीज, म्हणजे २००० वॅटच्या गिझरला २१ मिनिटे लागतात. विजेचा दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला तर शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटते व तेच काम ३४ मिनिटांवर जाते. कारागिराला बोलाविण्यापूर्वी हा हिशेब करावा.

गॅसच्या गिझरविषयी फार बोलावयाचे नाही, पण जे सांगावयाचे ते ठामपणे सांगावे. कोंडलेल्या न्हाणीघरात ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, आणि उठू म्हणता पायांतील बळ जाणे, असा क्रम असतो. हा गिझर न्हाणीघराबाहेर उघड्यावर बसवावा, आणि तसे झालेले नसेल तेथे दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा व मगच स्नानास जावे. बंद खोलीत ठेवलेली निखाऱ्यांची शेगडीही हेच विष सोडते.

सौरबंबात टाकी वर व नळ्या खाली का, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते हे उत्तर त्यांना सापडते. त्याच्या तक्रारी बहुधा तीनच : काचेवरील धूळ, नळ्यांतील खपली आणि हवा जाण्याच्या नळीत बसलेला बोळा.

गृहपाठ म्हणून मुलांनी घरच्या साधनाचे झाकण उघडू नये, हे स्पष्ट बजावावे. प्लगला तीन पिना आहेत काय, साधनावर आय. एस. आय. चिन्ह आहे काय, झडपेचे तोंड मोकळे आहे काय, न्हाणीघराला खिडकी आहे काय, एवढे नुसते पाहून वहीत लिहावे व ते पालकांना वाचून दाखवावे. गावातील कारागिराकडे काढलेल्या खपल्या मिळतात. त्यांचे तुकडे आणून विज्ञानकोपऱ्यात ठेवावेत आणि प्रत्येकाखाली पाणी कोणत्या विहिरीचे व साधन किती वर्षांचे, याची चिठ्ठी लावावी.