वरच्या मजल्यावरचा शेजारी



घरभेटीसाठी आम्ही इमारतींमधून फिरतो तेव्हा पाण्याच्या, पार्किंगच्या आणि मेन्टेनन्सच्या तक्रारींबरोबर आणखी एक तक्रार हल्ली वारंवार कानी पडते. "फादर, वरच्यांचा फार त्रास होतो." कुठे रात्री अकरानंतर खुर्च्या ओढल्या जातात, कुठे टीव्ही भिंतीपलीकडून ऐकू येतो, कुठे फ्लॅटचे काम काढलेले असते आणि ड्रिल मशीन दुपारभर थांबत नाही.

तक्रार करणारी ही माणसे भांडखोर नसतात. कुणी पहाटेची लोकल पकडणारा असतो, कुणी रात्रपाळी करून आलेली परिचारिका असते, कुणाकडे बारावीचा विद्यार्थी असतो, तर कुणाच्या घरात आजारी आई अंथरुणावर असते. त्यांना झोप हवी असते, एवढेच. ती मिळाली नाही की माणूस चिडतो, घरच्यांवर ओरडतो आणि हळूहळू वरच्या माणसाचा द्वेष करू लागतो. आपल्यापैकी बरेच जण वाडीतून फ्लॅटमध्ये आले आहेत. वाडीत घराभोवती अंगण होते, केळी होत्या, शेजाऱ्याचा आवाज वाऱ्यावर विरून जात असे. आता शेजाऱ्याची जमीन हेच आपले छत झाले आहे. या नव्या जवळिकीत कसे राहावे, हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही. म्हणून आजचा हा पाठ.

१. प्रश्न जुनाच आहे

सेनेका हा रोमन तत्त्ववेत्ता पहिल्या शतकात होऊन गेला. तो एकदा सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत होता. वजने उचलणाऱ्यांचे कण्हणे, मालिश करणाऱ्याच्या हातांचे थापटणे, पाण्यात धपकन उड्या मारणारे, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या, या सगळ्यांची यादीच त्याने एका पत्रात दिली आहे. मन शांत असेल तर बाहेरचा गोंगाट काही करू शकत नाही, असा उपदेशही तो त्याच पत्रात करतो. गंमत अशी की पत्राच्या शेवटी तो म्हणतो, आता आपण इथून मुक्काम हलवणार!

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याची कथाही अशीच आहे. शेजाऱ्याच्या कोंबड्याच्या आरवण्याने त्याच्या चिंतनात व्यत्यय येई. त्याने कोंबडा विकत घेण्याची तयारी दाखवली. शेजाऱ्याने तो विकला नाही, तेव्हा कांटने बिऱ्हाड बदलले. पुढे त्याने स्वतःचे घर घेतले, तर जवळच तुरुंग होता आणि कैदी मोठमोठ्याने भक्तिगीते गात असत. १७८४ साली त्याने नगराध्यक्ष असलेल्या आपल्या मित्राला पत्र लिहून याबद्दल तक्रार केली.

दोन मोठ्या विचारवंतांना जे जमले नाही, ते आपल्याला एका दिवसात जमेल असे नाही. त्यांना निदान जागा बदलता आली. वीस वर्षांचे कर्ज काढून घेतलेला फ्लॅट सोडून आपण कुठे जाणार? आपल्याला तिथेच राहून मार्ग काढायचा आहे.

२. आवाज येतो कसा?

आवाज दोन प्रकारे घरात शिरतो. बोलणे, गाणे, टीव्ही यांचा आवाज हवेतून येतो. स्लॅबसारखे जड काँक्रीट तो बऱ्यापैकी अडवते. तो मुख्यतः दारे, खिडक्या आणि फटी यांतूनच आत येतो. दुसरा प्रकार आघाताचा. खुर्ची ओढणे, टाचा आपटत चालणे, चेंडू टप्प्याने खेळणे, खलबत्त्यात कुटणे. हा आवाज थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि काँक्रीट तो अडवण्याऐवजी पुढे नेते. म्हणून वरच्या घरात ज्याची कुणी दखलही घेत नाही, तो आवाज खाली डोक्यावर पडल्यासारखा वाटतो. वरचे कुटुंब म्हणते, "आम्ही तर काहीच करत नाही," तेव्हा ते बहुधा खोटे बोलत नसते. त्यांना तो आवाज तसा ऐकूच येत नसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आघाताचा आवाज स्लॅब, बीम आणि कॉलममधून दूरवर जातो. आपल्याला तो डोक्यावरून येतोय असे वाटते, पण तो दोन मजले वरचा किंवा बाजूच्या फ्लॅटचाही असू शकतो. कधी तो पाण्याच्या पाइपाचा असतो, कधी पंपाचा, कधी लिफ्टच्या मोटरचा. तेव्हा दार ठोठावण्यापूर्वी चार-पाच दिवस आवाजाची वेळ आणि प्रकार कागदावर लिहून ठेवावा. नाहक कुणावर आळ यायला नको.

३. ओळखीचा आवाज

एका इमारतीतील गोष्ट सांगतो. रात्री दीडला आणि पुन्हा साडेतीनला वरच्या घरात काहीतरी जड वस्तू ओढल्याचा आवाज येई. खालचे गृहस्थ आधी काठीने छत ठोकत. मग त्यांनी जिन्यात वरच्यांशी बोलणे सोडले. दोन वर्षे अबोला होता. शेवटी सोसायटीच्या सचिवांनी दोघांना समोरासमोर बसवले, तेव्हा खरा प्रकार कळला. वरच्या घरात वृद्ध वडील अंथरुणाला खिळलेले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावे लागे. खोली लहान, लोखंडी पलंग भिंतीला लागलेला. पलीकडच्या बाजूने हात घालायचा तर पलंग ओढल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

पलंगाला रबरी चाके बसवली, खाली जाड सतरंजी घातली. आवाज कमी झाला, पण पूर्ण बंद झाला नाही. मात्र खालचे गृहस्थ आता झोपू शकतात. आवाज आला की ते पत्नीला म्हणतात, "काकांना वळवताहेत," आणि कूस बदलतात.

या प्रसंगातून आम्हाला जे सांगायचे आहे, ते एवढेच. कानाला टोचणाऱ्या आवाजाचा मोठा भाग कानात नसून मनात असतो. आणि ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याचे दुःख आपल्याला माहीत नाही, त्याचा आवाज सर्वांत जास्त टोचतो. ओळख झाली म्हणजे सगळा त्रास संपतो असे नाही. पण ओळखीशिवाय कुठलाही उपाय टिकत नाही.

४. आधी आपले घर

आपल्या वर कुणीतरी राहते, तसेच आपल्या खालीही कुणीतरी राहते. वरच्या शेजाऱ्याची तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या घरातून एक फेरी मारावी. खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बुचे आहेत का? मिक्सरखाली जाडसर कापडाची घडी ठेवतो का? वॉशिंग मशीन भिंतीला टेकलेले आहे का? स्पीकर थेट लादीवर ठेवला आहे का? मे महिन्यातला मसाला घरात कुटण्याऐवजी खाली मोकळ्या जागेत, दिवसा कुटता येईल का? यातल्या कोणत्याच गोष्टीला फारसा खर्च नाही.

कांटचा एक विचार येथे उपयोगी पडतो. आपण जसे वागतो, तसेच सर्वांनी वागावे असा नियम झाला तर तो आपल्याला चालेल का, असे त्याने विचारायला शिकवले. रात्री साडेअकराला आपल्या एका घरात गाणी लागली तर त्यात काय, असे वाटते. इमारतीतील अठ्ठावीस घरांत एकाच वेळी लागली तर?

भक्तीलाही हा नियम लागू आहे. चेन्नईमधील एका ख्रिस्ती प्रार्थनागृहातील ध्वनिवर्धक आणि ढोल यांचा त्रास होतो, म्हणून शेजारच्या वसाहतीतील रहिवासी न्यायालयात गेले. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा त्याचा आशय होता. आपल्याला यात नवे काही वाटू नये. पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापच ठरतो, असा इशारा नीतिसूत्रांच्या पुस्तकात (२७:१४) फार पूर्वीच दिलेला आहे. लग्नाच्या आदल्या रात्रीचा बँड, नाताळची गाणी, घरातील रोझरीसाठी लावलेला माइक, या सर्वांकडे त्या दृष्टीने पाहावे.

५. बोलावे कसे?

संत मत्तयच्या शुभवर्तमानात (१८:१५-१७) अपराध करणाऱ्या भावाशी कसे वागावे याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी एकांतात, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, त्यानंतर मंडळीपुढे. इमारतीतही हाच क्रम योग्य ठरतो. आपण बहुधा तो उलटा करतो. आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांसमोर लिहितो, मग समितीकडे जातो, आणि समोरच्याशी बोलणे राहूनच जाते.

पहिली पायरी, एकट्याने भेटणे. आवाज चालू असताना, राग डोक्यात असताना जाऊ नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावे. "तुम्ही लोक झोपूच देत नाही" असे न म्हणता नेमके बोलावे: "ताई, मी खालच्या मजल्यावरचा. रात्री अकरानंतर खुर्ची सरकवल्याचा आवाज आमच्या बेडरूममध्ये फार येतो. माझी पाचची ड्युटी असते. काही करता येईल का?" शक्य असेल तर त्यांना आपल्या घरी बोलावून आवाज प्रत्यक्ष ऐकवावा. आणि त्यांचीही बाजू ऐकून घ्यावी.

दुसरी पायरी, दोघांनाही मान्य असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर नेणे. तो साक्षीदार म्हणून नसावा; दोघांना सांभाळून घेणारा असावा.

तिसरी पायरी, सोसायटीच्या समितीकडे लेखी अर्ज. त्यात तारखा, वेळा आणि आवाजाचा प्रकार लिहावा. स्वभावाबद्दल काही लिहू नये. अर्जाची पोच घ्यावी. फ्लॅटच्या दुरुस्तीकामाच्या वेळा, दुपारची विश्रांती, गच्चीवरील कार्यक्रम यांबद्दल सर्वसाधारण सभेत नियम ठरवून घ्यावेत, म्हणजे एकाच कुटुंबावर बोट ठेवल्यासारखे होत नाही.

पण प्रत्येक आवाज तक्रारीचा नसतो. तान्ह्या बाळाचे रडणे, वृद्धाचा खोकला, गतिमंद मुलाचे ओरडणे, दिवसा मुलांचे धावणे, हे आवाज सोसायचे असतात. टाळता येण्यासारखा आणि न टाळता येण्यासारखा, हा फरक आपण करायला शिकले पाहिजे.

६. कायदा काय सांगतो?

समजुतीने भागत नाही, तेव्हा कायद्याचा आधार घेण्यात काही गैर नाही. दुर्बलाची झोप राखण्यासाठीच तो आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. डेसिबलचे गणित साधे नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. त्यामुळे ४५ आणि ५५ यांतला फरक लहान समजू नये.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. २०१० सालच्या दुरुस्तीनंतर निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवणे आणि आवाजाचे फटाके फोडणे यांवरही बंदी आली. नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, शांततेने जगणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट केले.

रात्री ध्वनिवर्धकाचा त्रास होत असेल तर पोलिसांना ११२ क्रमांकावर कळवता येते. धार्मिक स्थळांवरील ध्वनिवर्धकांच्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, असे पोलिसांना सांगितले. मारहाणीची धमकी, दारूच्या नशेतील दंगा किंवा घरातील बाईला-मुलांना होणारी मारझोड ऐकू आली, तर वरच्या पायऱ्यांची वाट पाहू नये. तो शेजाऱ्याचा गोंगाट नसतो. ती मदतीची हाक असते. ताबडतोब कळवावे.

खुर्ची ओढल्याच्या आवाजासाठी मात्र पोलीस बोलावून काही साधत नाही. पोलीस दहा मिनिटांत निघून जातात. शेजारी पुढची वीस वर्षे तिथेच असतो.

लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरांतील सर्वांची नावे आपल्याला सांगता येतील का? त्यांच्यापैकी कुणी आजारी आहे का, रात्रपाळी करते का?

२. आपल्या घरातील कोणता आवाज शेजाऱ्याला त्रासदायक ठरत असेल? तो कमी करण्यासाठी या आठवड्यात कोणती एक गोष्ट करता येईल?

३. घरात लग्न, वाढदिवस किंवा दुरुस्तीचे काम असेल तर शेजाऱ्यांना आधी कळवण्याची पद्धत आपल्या इमारतीत आहे का? नसेल तर ती कोण सुरू करील?

४. कुणाशी आवाजावरून अबोला असेल, तर पहिली पायरी आपण घेतली आहे का?

आजच्या मिस्सानंतर घरी जाताना लिफ्टऐवजी एक मजला जिन्याने चढून पाहावे. वरच्या दारावरील पाटी वाचावी. बेल वाजवण्यासाठी तक्रारच हवी, असे नाही.

आपले,
प्रमुख धर्मगुरू